डाव्या बाजूने सांगितलेली गोष्ट

चिमीचं वय आता बेचाळीस, तरी सगळे तिला चिमीच म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा ती घरातली सगळ्यात धाकटी होती. तिच्यानंतर घरात धाकटं कुणी आलंच नाही, त्यामुळे नाव तिच्याकडेच राहिलं. पडद्यांच्या कारखान्यात माझं मशीन तिच्या मशीनला लागून आहे. घरांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे पडदे आम्ही शिवतो. लांबच लांब कापड, सरळ शिलाई, वर चुण्या, खाली दुमड. हात कामात आणि तोंड रिकामं, म्हणून इथे कुणाचं गुपित फार काळ टिकत नाही. चिमीचं मात्र बरीच वर्षं टिकलं, कारण ती बोलायची कमी आणि गुणगुणायची जास्त.

तिचा आणि तिच्या दादाचा बँड आहे. नाव ‘भावंडं’. दादा गिटार वाजवतो, चिमी अकॉर्डियन, आणि गातात दोघं. गाणी सगळी दादाची. रंगाच्या दुकानात डबे ढवळता ढवळता तो ती रचतो. भिंतीला आलेली ओल, उतारावर ब्रेक गेलेली सायकल, एका छत्रीत भांडत चाललेलं जोडपं, असले त्याचे विषय. पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही. सुट्टीच्या दिवशी एखाद्या लहानशा हॉलमध्ये, पुस्तकांच्या दुकानात, नाहीतर कुणाच्या गच्चीवर कार्यक्रम. ऐकायला माणसं मोजकी येतात, पण येतात ती जीव लावणारी. “दोघांचा आवाज एकाच गळ्यातून आल्यासारखा वाटतो,” असं लोक म्हणाले की दादा खूश व्हायचा. चिमी नुसती हसायची.

आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती आणि दादा नुकताच कामाला लागला होता. तिला वाढवलं ते त्यानेच. अकॉर्डियनही त्यानेच आणून दिलं, जुन्या बाजारातून, एक बटण नसलेलं. ती अजून त्याच्याच घरात राहते, रंगाच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत. टर्पेंटाइनच्या वासाने तिथे पाहुणे नाक मुरडतात. घरच्यांना तो वास येतच नाही. मध्यंतरी एक नकाशे काढणारा माणूस तिच्या आयुष्यात आला होता. चांगला होता. त्याची बदली झाली तेव्हा त्याने ‘येतेस का’ म्हणून सरळ विचारलं. त्या वेळी ‘भावंडं’चे लागोपाठ कार्यक्रम ठरले होते. “एवढे उरकले की येते,” ती म्हणाली. ते उरकले, मग आणखी ठरले. दादाने तिला थांब म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. नकाशेवाल्याचं पुढे लग्न झालं, एवढं कानावर आलं.

मग दादाच्या कानाचं सुरू झालं. आधी डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजायची. तो शेजाऱ्यांच्या कुकरवर चिडायचा. कुकर बंद असायचा. नंतर शिट्टी थांबली आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळंही थांबलं. डावा कान गेला आणि उजवाही हळूहळू त्याच वाटेला लागला. दुकानात कुणी रंग मागितला की दादा शेड कार्ड पुढे सरकवून म्हणायचा, “बोट ठेवा. तोंडी सांगण्यात गफलत होते.” गिऱ्हाइकांना वाटायचं, केवढा काटेकोर माणूस! माणसांत बसला की तो कशालाही मान डोलवायचा. ‘हो हो, बरोबर.’ एकदा एकाने वडील वारल्याचं सांगितलं, त्यालाही दादा हसून “छान, छान” म्हणाला. तेव्हा सावरून घेता घेता चिमीच्या वहिनीच्या नाकी नऊ आले.

गाताना मात्र कुणालाच काही कळलं नाही, कारण चिमी होती. ती त्याच्या उजव्या हाताला उभी राहायची. त्याची ओळ सुरू व्हायच्या आधी अकॉर्डियनचा भाता जरा जास्तच उघडायची. सूर खाली घसरला की हनुवटी वर करायची, वर चढला की खाली. दादा गिटारच्या कडेवर हनुवटी टेकवून गायला लागला, म्हणजे लाकडाचा थरथराट हाडातून पोचावा. लोकांना वाटलं, काय तंद्री लागते या माणसाची! वर्तमानपत्रात एकाने तर त्या तंद्रीवर अर्धा परिच्छेद लिहिला. वहिनीने तो कापून फ्रिजवर लावला.

या सगळ्याबद्दल बहीणभावात कधी एका शब्दानेही बोलणं झालं नाही. वहिनी मात्र एकदा बोलली. भांडी विसळता विसळता म्हणाली, “दुकान ते पोटासाठी चालवतात गं. माणूस जिवंत आहे तो या गाण्यावर. तू आहेस तोवर चालेल.”

“आणि मी नसले तर?”

“तू कुठे जाणारेस?” वहिनीने सहज विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर परवडला असता, असं चिमी मला म्हणाली.

दुसरा एक बँड आहे, ‘गळका नळ’ नावाचा. त्यांची गाणी नावासारखीच, थेंब थेंब पडणारी, पण एकदा डोक्यात शिरली की झोप लागू न देणारी. त्यांची पुढारीण एक खूप उंच बाई. ती स्वतःच स्वतःला ‘शिडी’ म्हणवून घेते आणि स्वतःहून उंच वाद्य वाजवते, ते उभं राहून वाजवायचं मोठं व्हायोलिन. एका कार्यक्रमाच्या आधी चिमी मागच्या खोलीत एकटीच काहीतरी गात होती आणि शिडी दाराशी थांबून ऐकत राहिली.

“कुणाचं आहे हे?”

“असंच. माझं.”

“भावंडं का नाही म्हणत हे?”

“गाणी दादा लिहितो,” चिमी म्हणाली. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं तशी.

त्यानंतर शिडी तिच्या मागेच लागली. ‘गळका नळ’ची गाणारी मुलगी नोकरीसाठी बाहेर गेली होती आणि पुढे दोन महिन्यांचा मोठा दौरा ठरला होता. गावोगाव, छोट्या गाडीतून. “तू चल. अकॉर्डियन पण हवंय आणि आवाज पण. आणि तुझी गाणी घे, चारपाच तरी.” चिमीने नाही म्हटलं नाही. विचार करते म्हणाली. विचार करता करता कारखान्यात तिने एका हॉटेलचे सगळे पडदे उलट्या बाजूने शिवले आणि आम्ही दोघींनी बसून ते उसवले. तेव्हा कुठे तिने मला सगळं सांगितलं. कानाचं, वहिनीचं, शिडीचं.

“मग जा की! दोन महिने तर आहेत,” मी म्हटलं.

“दोन महिने तो गायला नाही तर परत गाणार नाही. सवय मोडली की उरलेला कानही मोडेल. आणि बँडचं नाव ‘भावंडं’ आहे गं. एकटा माणूस भावंडं कसा होणार?”



एका रविवारी तीन बँडचा मिळून कार्यक्रम होता, बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये. आधी ‘पाचवा माणूस’, ज्यात माणसं तीनच आहेत आणि तिघांनाही दाढ्या. मग ‘भावंडं’, शेवटी ‘गळका नळ’. शिडीला त्याच दिवशी उत्तर हवं होतं. मी आणि कारखान्यातली आणखी एक मैत्रीण दुपारीच जाऊन बसलो. पोस्टरवर तिन्ही नावं एकाच आकारात छापली होती, तरी दाढीवाल्यांपैकी एकजण पट्टी लावून अक्षरं मोजत होता.

साउंडवाल्याने माइक लावले. मधे एक जाड खांब होता, त्यामुळे त्याने चिमीला दादाच्या डाव्या बाजूला उभं केलं. चिमी म्हणाली, “मी उजवीकडे उभी राहते.” साउंडवाला म्हणाला, “ताई, तिकडून खांबामागे जाल, अर्ध्या लोकांना दिसणारच नाही.” ती म्हणाली, नाही दिसले तरी चालेल. तो बिचारा चक्रावलाच. इतकी वर्षं त्याने माणसांना पुढे यायला भांडताना पाहिलं होतं. शेवटी दादाच्या माइकची जागा बदलली आणि प्रश्न सुटला. का बदलली, ते दादाने विचारलं नाही.

मग तो मागच्या पायऱ्यांवर गिटार जुळवत बसला. उजव्या बाजूला भिंत, डाव्या बाजूला पायरीवर जागा मोकळी. चिमी तिथे जाऊन बसली.  मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “दादा, मी ‘गळका नळ’बरोबर दोन महिने जातेय. तू रागावू नकोस.”

दादाने खुंटी पिळता पिळता मान डोलवली. “हो हो, बरोबर.”

ती उठली आणि सरळ शिडीकडे गेली. “दादाला सांगितलं. हो म्हणाला.”   “मला माहीत होतं,” ती नंतर मला म्हणाली. “त्याचा कुठला कान चालतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत? पण बसताना माझं मन मला सांगत होतं, भिंत आहे ना, दुसरीकडे जागा कुठेय? मनाला काय, कारण मिळालं की झालं.”

कार्यक्रम सुरू झाला. ‘पाचवा माणूस’ची गाणी चालू असताना ही दोघं बहीणभाऊ पडद्यामागे उभी होती. तेवढ्यात शिडी आली. भल्या मनाची बाई ती. तिने दादाचा हात दोन्ही हातांत घेतला, त्याच्या पुढ्यात वाकली आणि म्हणाली, “दादा, तुमचं मन मोठं आहे. दोन महिने चिमीताईला आमच्याकडे पाठवताय. आम्ही तिला जपू.”

दादाने तिच्या ओठांकडे पाहिलं. मग चिमीकडे पाहिलं. चिमी अकॉर्डियनचा पट्टा नीट करत होती. तो आधीच नीट होता.

“हो हो,” दादा म्हणाला. “बरोबर.”

लगेच त्यांचं नाव पुकारलं गेलं.

ते गाणं मी समोर बसून ऐकलं. आत काय घडलंय हे तेव्हा मला माहीत नव्हतं. एवढं दिसलं की दादा चिमीकडे बघत नाही. एरवी तो तिच्यावरून नजर हलवायचा नाही. आज त्याने हॉलच्या टोकाच्या खिडकीवर डोळे लावले आणि भाता उघडायच्या आधीच सुरुवात केली. सूर भलताच. चिमीने हनुवटी वर केली, पण बघतोय कोण? मग तिने अकॉर्डियनचे सूर सोडून दिले आणि तो गात होता तिथे आपला आवाज नेऊन ठेवला. तो सरकला की ही सरकायची. तो थांबला की ही त्याच्या जागी गायची, तो परत आला की बाजूला व्हायची. अंधारात कुणी भलत्याच वाटेने चालत सुटावं आणि आपल्याला त्याला हाक मारता येऊ नये, पुढे जाऊन नुसते त्याच्या वाटेतले दगड उचलत राहावं लागावं, तसं ते होतं. सगळी गाणी अशीच. लोक मात्र भारावून गेले होते. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, “आज काहीतरी वेगळंच गातायत ना?”

टाळ्या थांबत नव्हत्या. दादा वाकून नमस्कार करून निघून गेला. चिमी अवजड अकॉर्डियन घेऊन त्याच्यामागे.

बाहेर आवारात अजून ऊन होतं. दुकानाची माल पोचवायची गाडी तिथे उभी होती. गाडीत दादा चालवायला बसला की चिमी त्याच्या डाव्या हाताला येते, म्हणून गाडीत त्या दोघांचं कधी बोलणं होत नाही. त्या दिवशी तो गाडीत बसला नाही. दार उघडं ठेवून वळसा घालून तिच्याकडे आला आणि उजवा कान तिच्याकडे करून उभा राहिला.

“उजव्या बाजूने का नाही सांगितलंस?”

इतक्या वर्षांत कानाबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

“तिकडे भिंत होती,” चिमी म्हणाली.

“समोर यायचंस. मला ओठ कळतात.”

चिमीने अकॉर्डियन खाली ठेवलं.

“तुला वाटतं मला माहीत नाही? चिमे, तू हनुवटीने मला गायला लावतेस. मी बहिरा होतोय, आंधळा नाही झालो.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“बोललो असतो तर तू कीव केली असतीस. नाही बोललो म्हणून नुसती साथ केलीस.” त्याने गाडीच्या पत्र्यावरचा वाळलेला रंगाचा थेंब नखाने खरवडला. “आता सांग. या बाजूने सांग काय सांगायचं ते.”

आत ‘गळका नळ’चं पहिलं गाणं सुरू झालं होतं. चिमीने तोंड उघडलं. ‘मी जातेय’ हे दोनच शब्द. दुपारी ते किती सहज बाहेर पडले होते.

“जाऊ का?” ती म्हणाली.

“विचारतेयस की सांगतेयस?”

आतलं गाणं संपलं, टाळ्या वाजल्या.

“विचारतेय.”

“मग नको जाऊस,” दादा म्हणाला. “विचारलंस म्हणून खरं सांगतो. तू गेलीस की माझं गाणं संपलं. मला ते झेपायचं नाही. सांगून गेली असतीस तर मी काही बोललो नसतो. बोलायचा मला हक्कही नव्हता.”

हे सांगताना चिमी माझ्या मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी होती. “तो रडला असता, नाहीतर तुला मी वाढवलंय म्हणाला असता, तर मी तिथूनच शिडीच्या गाडीत बसले असते. तो खरं बोलला. खऱ्यापुढे काय करायचं माणसाने?”

दुसऱ्या दिवशी तिने शिडीला फोन केला. शिडी म्हणाली, “काल तर हो म्हणाले होते! आज नाही का म्हणाले?”

“मी विचारलं म्हणून,” चिमी म्हणाली. शिडीला काही ते समजलं नाही.

‘गळका नळ’ दुसऱ्या एका मुलीला घेऊन दौऱ्यावर गेला. ती छान गाते म्हणतात.

त्यानंतर दादा मुकाट्याने डॉक्टरकडे जाऊन कानाचं यंत्र घेऊन आला. दुकानात त्याचा उपयोग होतो. आता गिऱ्हाइकांना कार्डावर बोट ठेवावं लागत नाही. पण यंत्र लावून गायला लागला की त्याला दोघांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, म्हणून कार्यक्रमात तो ते काढून खिशात ठेवतो. चिमीची सुटका होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी ती खुणा चोरून करायची, त्यात तिची स्वतःची अशी काहीतरी करामत होती. आता तो उघड सांगतो. “हनुवटी जरा लवकर हलव. तिसऱ्या कडव्याला एकदाच हलवलीस, मला दिसली नाही.” वहिनीही सांगते. “उजवीकडे प्रकाश कमी होता गं काल, त्यांना तू दिसत नव्हतीस.” साउंडवाल्यालाही ठाऊक झालंय. गुपित होतं तेव्हा ते तिचं होतं, आता ती ड्यूटी झाली.

मध्ये एका कार्यक्रमात, पुस्तकांच्या दुकानात, तिने कुणाला न विचारता स्वतःचं गाणं म्हटलं. दोन गाण्यांच्या मधे भाता उघडला आणि सुरूच केलं. खिडक्यांवरचं गाणं आहे, दुसऱ्यांच्या घरातल्या खिडक्या मापत फिरणाऱ्या बाईचं. दादाला चाल माहीत नव्हती. तो गिटार मांडीवर आडवी ठेवून बसून राहिला. आधी तिच्या ओठांकडे बघत होता, मग जमिनीकडे. सगळ्यांच्या टाळ्या वाजून झाल्यावर त्याने दोनचार वाजवल्या. घरी गेल्यावर उजव्या बाजूला तिला बसवून विचारलं, “कशावर होतं?”

“खिडक्यांवर.”

“विषय चांगला आहे. शेवट लांबवलास.” मग म्हणाला, “आधी सांगत जा. मी तिथे बसून काय करायचं?”

पुढचा आठवडाभर तो तिच्याशी धड बोलला नाही. मग रविवार आला, पुन्हा कार्यक्रम होता, पुन्हा बोलायला लागला.

परवा शिवताना मी तिला म्हटलं, “शिडीने पुन्हा बोलावलं तर?”

“बोलावलंय,” ती मशीन न थांबवता म्हणाली. “उन्हाळ्यातला दौरा आहे.”

“मग? दादाला बोललीस?”

“बोलेन. या वेळेला विचारायचं नाही. सांगायचं. कसं सांगायचं तेवढं ठरवतेय.”

एका दवाखान्याचे पडदे आले होते, हिरवे, खूप लांब. तिने कापडाचं टोक माझ्याकडे टाकलं आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी ते ताणत गेलो. या बोलण्याला आता बरेच दिवस झाले. उन्हाळा लागलाय. चिमी अजून रोज वेळेवर कामावर येते.